एकटीचा फोटो

८ जानेवारी

आज सकाळी अस्मादिकांनी गृहपितापदाची सूत्रे हाती घेतली. प्रत्यक्षात हाती आले ते लादी पुसण्याचे फडके. कारण पदग्रहणाच्या क्षणीच स्वयंपाकघरातील नळाने आपल्या पदाचा राजीनामा दिला आणि उपस्थितांस सचैल स्नान घडवले. सरकारी परिपत्रकांचे भाषांतर करण्यात आयुष्य वेचलेल्या मनुष्यास 'जलप्रलय' हा शब्द ठाऊक असतो. पाना कुठे ठेवलेला असतो ते ठाऊक नसते. पाना वकिलाने आणून दिला.

वकील हे येथील पाच मुलांपैकी एक, वय दहा, कोणत्याही आज्ञेवर हरकत घेण्यात निष्णात. खरी नावे कार्यालयाच्या कपाटात सुखरूप आहेत. या वहीपुरती टोपणनावे पुरेत. थोरली चौदा वर्षांची, हसण्याच्या बाबतीत अत्यंत काटकसरी. एक जुळी जोडी आहे. त्यांतला एक वाक्य सुरू करतो आणि दुसरा संपवतो, म्हणून ते पूर्वार्ध आणि उत्तरार्ध. शेवटी सहा वर्षांची ठिणगी, जी वाक्य सुरू करते आणि संपवतच नाही. जुळे सोडल्यास कुणी कुणाच्या रक्ताचे नाही. तरी थोरली रोज सकाळी ठिणगीच्या वेण्या घालते, आणि तेवढ्या वेळात ठिणगी तिला जगातील यच्चयावत गोष्टींविषयी प्रश्न विचारून घेते.

योजना अशी, की मोठ्या वसतिगृहातून पाच मुले काढून त्यांचे एक घर करायचे. त्यास एक गृहपिता, एक गृहमाता. सहधर्मचारिणी तूर्त आजारी आईच्या उशाशी आहे, तोवर मी एकटा, आणि दुपारपर्यंत स्वयंपाकाच्या मावशी. घर जमले तर मुले एकत्र राहतील. "नाही जमलं तर पाच मुलं, पाच ठिकाणं," असे पर्यवेक्षिकाबाई म्हणाल्या. इतके सोपे वाक्य, पण भाषांतरकार असूनही मला त्याचा अर्थ लागायला वेळ लागला.

११ जानेवारी

या घरात शांतता नामक वस्तूचा साठा संपुष्टात आला आहे. शेजारच्या धुलाईच्या दुकानातील यंत्रेसुद्धा आमच्यापेक्षा संयमाने गरगरतात. न्याहारीच्या वेळी झालेला संवाद भावी पिढ्यांसाठी नोंदवून ठेवतो.

"काका, तुम्हाला केस का नाहीत?" ठिणगी.

"विद्वत्तेच्या उष्णतेने ते करपले."

"आणि काकूंना आहेत?"

"विपुल."

"म्हणजे काकू मठ्ठ?"

"प्रश्न बरोबर आहे," वकिलाने निकाल दिला. "काकांनी उत्तर द्यावं."

"काकू आल्या की आपण त्यांना..." पूर्वार्ध म्हणाला.

"...विचारू," उत्तरार्ध म्हणाला.

मावशी तव्याकडे तोंड करून हसत होत्या. मी गांभीर्य धारण केले. ते धारण झाले नाही.

१५ जानेवारी

बैठकीच्या खोलीतील भिंत बोडकी दिसते. घराच्या भिंतीवर घरातील माणसे हवीत, असा सिद्धांत मांडून अस्मादिकांनी कॅमेरा पैदा केला आणि चित्रदालनाचा संकल्प सोडला. एकेकाचे स्वतंत्र छायाचित्र, मध्यभागी सर्वांचे. शुभारंभाचा मान धाकटीला.

"ठिणगे, इथे उभी राहा. पांढऱ्या भिंतीपाशी. उजेड छान आहे."

ती बडबडत आली. कॅमेरा पाहिला आणि अर्ध्या शब्दात थांबली. मग कुणी न सांगता भिंतीला टाच लावून उभी राहिली, हात खाली, मान ताठ, नजर समोर. मी कळ दाबली.

"आता बाजूनं?" तिने विचारले आणि वळून उभी राहिली.

बाजूने कशाला, असे मला वाटले. परंतु कलावंताने प्रतिभेस अडवू नये, म्हणून तेही टिपले. मागे वळून पाहतो तो दारात थोरली. तिच्या हातात कंगवा होता.

"कशासाठी काढला?"

"आठवण राहावी म्हणून," मी म्हणालो. "आता तुझा."

"माझा नको." ती गेली. वकील न्हाणीघरात जाऊन बसला. जुळे पलंगाखाली. मग कॅमेऱ्याचेच चार्जिंग संपले आणि कलेचा तो अध्याय तिथेच मिटला. संध्याकाळी ठिणगीचा फोटो चौकटीत घालून टांगला. एवढ्या मोठ्या भिंतीवर एकच चेहरा जरा विचित्र दिसतो. डोळे फार मोठे आलेत.

१७ जानेवारी

घरात विस्मयकारक निवांतपणा. कुणी भांडले नाही, कुणी दार आपटले नाही. मी स्वतःचे अभिनंदन केले. दुसरे कुणी करण्यासारखे जवळ नव्हते.

ठिणगीने आज वेण्या स्वतःच घातल्या. एक कानाच्या वर, दुसरी मानेजवळ. "स्वावलंबन!" म्हणून मी तिला गोळी बक्षीस दिली. तिने ती खाल्ली नाही, कागदासकट खिशात ठेवली. म्हणाली, "गाडीत खाईन."

कुठली गाडी हे विचारायचे राहिले. नळवाला आला होता.

२१ जानेवारी

मुलांनी नवा खेळ काढलेला दिसतो. जेवताना ठिणगी म्हणाली, "ताई, पाणी." थोरलीने ऐकले नाही. ठिणगीने पुन्हा म्हटले नाही. वकिलाने मिठासाठी हात लांबवला तो थेट तिच्या नाकासमोरून, जणू तिथे हवाच आहे. ती मान मागे घेऊन वाट करून देते, तेही सरावलेल्या सफाईने. खेळात हसणे अपेक्षित असते. इथे कुणी हसले नाही. मुलांच्या क्रीडांमध्ये प्रौढांनी लुडबूड करू नये असे शास्त्रवचन आहे. नसल्यास असावे.

खुंट्यांवरचा तिचा पिवळा कप दिसला नाही. शोधता शोधता तो कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर मिळाला. स्वच्छ धुऊन, कोरडा करून, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला. काच असती तर समजले असते. कप पत्र्याचा आहे.

"मावशी, हा कुणी बांधून ठेवला?"

मावशी कपाकडे बघत राहिल्या. "अहो, मी पण दोन दिवस भात कमीच लावतेय," त्या म्हणाल्या. "कुणी सांगितलं, आठवत नाही बघा."

२६ जानेवारी

अस्मादिकांच्या कारकिर्दीतील सुवर्णयुग! चारही मुले वेळेवर उठली, चारही पेले धुतले गेले, चौघे रांगेने झेंडावंदनाला शाळेत गेले. थोरली गृहपाठ घेते, वकील हरकती लेखी देतो, जुळे एकमेकांची वाक्ये कुजबुजत पूर्ण करतात. टेबलही आता चौकोनी कुटुंबाला शोभेसे वाटते. प्रत्येक बाजूस एकेक, आणि मी डोक्याशी उभा राहून वाढतो.

न्याहारीच्या वेळी एक पेला दूध जास्त ओतले गेले. ते कुणासाठी ओतले हे आठवेना, म्हणून परत पातेल्यात ओतले. वार्धक्य दार ठोठावू लागले, दुसरे काय!

जिन्यावर ओल्या पावलांचे लहान ठसे. कुणाचे म्हणून विचारले, तर थोरली फडके घेऊन आली आणि पुसून टाकले. समंजस मुलगी आहे.

३० जानेवारी

अडगळीच्या खोलीत उंदीर झाला आहे. दिवसासुद्धा खुडबूड ऐकू येते. फार हळू, जणू उंदरालाही शिस्त लागली आहे. मावशींना पिंजरा लावायला सांगितले. मावशी म्हणाल्या, "लावते," आणि लावला नाही. त्या दाराशी दोनदा गेल्या आणि दोनदा परत आल्या.

भिंतीवरच्या फोटोची काच कुणीतरी रोज पुसते. सुबक फोटो आहे. गोड मुलगी.

२ फेब्रुवारी

आजचे लिहू नये असे वाटते. तरी लिहितो.

सकाळी पर्यवेक्षिकाबाई आल्या. मी त्यांना शांत घर दाखवले; लखलखीत खुंट्या, घडी केलेली पांघरुणे. चार मुले उभी राहून नमस्कार म्हणाली. माझी छाती अंगरख्यात मावत नव्हती.

"पाचवी कुठे आहे?" बाईंनी विचारले.

"कोण पाचवी?" मी म्हणालो.

हे मी म्हणालो. विनोदाने नव्हे. मी त्यांच्याकडे प्रामाणिकपणे पाहिले आणि विचारले, कोण पाचवी. मग बाईंनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केले. मी फोटो पाहिला, आणि दिवसाउजेडी खुडबुडणारा उंदीर आठवला.

ती अडगळीच्या खोलीत होती. उपड्या बादलीवर बसलेली. अंगात बाहेरचा स्वेटर, पायांत बूट, मांडीवर पिशवी. केस मोकळे.

"गाडी आली?" तिने विचारले.

ती रोज इथेच होती. उठत होती, सगळ्यांच्या मागून शाळेत जात होती, पातेल्यात उरलेले खात होती, स्वतःच्या पलंगावर निजत होती. मी तिच्या अंगावरून ये-जा करत होतो. मागची पाने उघडून पाहिली आणि मिटली.

जाताना बाई उंबरठ्यावर थांबल्या. आवाज चढवला नाही, हे अधिक वाईट. "इथे मुलं राहतात असं वाटत नाही हो. पुढच्या सोमवारी परत येईन. असंच असेल तर या छोटीला आधी हलवावं लागेल. मग बाकीच्यांचं बघू."

म्हणजे गाडी खरोखरच येणार.

३ फेब्रुवारी

थोरलीला समोर बसवले. "ठिणगीला हाक मार," मी म्हणालो.

"कुणाला?"

ठिणगी तिच्या कोपरापाशी उभी होती. थोरलीने कोपर तिच्यापासून काढून घेतले नाही. पण डोळे माझ्या खांद्यामागे कुठेतरी स्थिर. असल्या गोष्टीला तोंड देण्यास माझ्या शब्दसंग्रहात शब्द नाही, आणि माझा शब्दसंग्रह प्रशस्त आहे.

वकिलाला मात्र युक्तिवादाचा मोह आवरत नाही. त्याला मागच्या अंगणात गाठले.

"फोटो तुम्हीच काढलात," तो म्हणाला. "भिंतीसमोर. एकटीचा. समोरून आणि बाजूनं."

"अरे, तो भिंतीवर लावायला!"

"सगळे काहीतरी सांगतातच. वसतिगृहात भोंग्याचा काढला, तेव्हा साहेब म्हणाले, वाढदिवसाचा आहे. आठवड्यात गाडी आली."

"भोंग्या कोण?"

तो चपलेने माती उकरत राहिला. "होता एक. मोठ्यांदा बोलायचा. आम्ही त्याचं नाव काढत नाही."

"का?"

"आधीपासून सवय करायची असते, काका. तो नाहीच असं धरायचं. मग गाडी आली की कुणी रडत नाही. आपण रडलो की जाणाऱ्याला जास्त लागतं. भोंग्याच्या वेळी आम्हाला सवय नव्हती, म्हणून..." त्याने वाक्य संपवले नाही. संपवणारा जुळा त्याला नाही.

"आणि जाणाऱ्याने काय करायचं?"

"आवाज करायचा नाही. ती शहाणी आहे. छान करतेय."

मी आत येऊन चौकट उतरवली, फोटो काढून घेतला, सर्वांना जमवून खुलासा केला: सदरहू छायाचित्र कार्यालयीन नाही, कुणी कुठेही जाणार नाही, इत्यादी. चौघांनी अत्यंत सभ्यपणे ऐकून घेतले. आजवर पुष्कळ मोठ्या माणसांचे असेच ऐकून घेतलेले असावे. भिंतीवर चौकटीच्या जागी स्वच्छ चौकोन उरला आहे आणि सगळे त्याला वळसा घालून जातात.

५ फेब्रुवारी

प्रायश्चित्त सुरू आहे. ठिणगीला माझ्या शेजारची खुर्ची, दुप्पट जॅम, नवी चित्रांची पुस्तके. तिने शाई सांडली, मी म्हणालो, "असू दे गं बाळ." तिने पुस्तक फाडले, "असू दे." ती मला प्रत्येक वेळी निरखून पाहते आणि अधिकाधिक बारीक होत जाते. आज जेवताना ती बूट घालूनच बसली. आता बूट काढतच नाही, झोपतानाही. दुपारी उजेड खिडकीतून थेट तिच्यावर पडला होता, आणि क्षणभर मला खुर्चीची पाठ दिसली. डोळ्यांची तपासणी करून घ्यावी.

सहधर्मचारिणीचा फोन. सर्व कथन केले. 

"रागावलात का तिला कधी?" तिने विचारले.

"मी? पशुवत वर्तन माझ्या स्वभावात नाही."

"तुम्हाला रागावता कुठे येतं म्हणा. भाषण येतं," ती म्हणाली. "मला एकदा तरी धड रागावला असतात, तर मी माहेरी फोन करून सांगितलं असतं, आता हा माणूस माझा झाला म्हणून."

हिच्या बोलण्यात संगती शोधण्याचा नाद मी लग्नानंतर लवकरच सोडला होता. तथापि संध्याकाळी वकिलाला सहज विचारले, भोंग्याला शेवटच्या आठवड्यात कुणी रागावले होते का.

"छे!" तो म्हणाला. "त्याने खिडकी फोडली तरी कुणी ओरडलं नाही. उलट खाऊ दिला. तेव्हाच आम्हाला पक्कं कळलं. जाणाऱ्याला कुणी ओरडत नाही, काका."

मग त्याने माझ्या हातातल्या जॅमच्या बाटलीकडे पाहिले.

९ फेब्रुवारी

सोमवार. जसे घडले तसे लिहितो. अलंकार आज हाताशी येत नाहीत.

काल दिवसभर मी रागावण्याचा सराव करत होतो, आरशासमोर. आरशातला गृहस्थ प्रत्येक वेळी क्षमा मागत होता. सकाळी सारे टेबलाशी बसले. मावशी ब्रेड भाजत होत्या. ठिणगी टोकाला, पिशवी मांडीवर, बूट पायांत. गाडी आज येणार हे तिला ठाऊक असावे. मी कुणाला सांगितले नव्हते. ती इतकी निश्चल बसली होती, की दुधाची वाफ तिच्याभोवतीने न जाता सरळ पुढे जात होती असे मला वाटले.

मी टेबलावर हात आपटला. पेले उडाले.

"हे काय चाललंय?" माझा आवाज मलाच अनोळखी होता. "घरात बूट? जेवणाच्या टेबलाशी बूट? निजताना बूट? चादरींची माती कोण झटकणार, मी? ही काय धर्मशाळा समजलीस? ऊठ! काढ ते बूट! आत्ता! आणि ते केस! आरशात बघ, झाडूला लाज वाटेल! उद्यापासून मला या घरात बूट घातलेला एक पाय दिसला, तर महिनाभर, ऐकतेस? पुढचा अख्खा महिना खुंट्या पुसायला लावीन! आणि त्याच्या पुढचाही!"

ठिणगीचा खालचा ओठ बाहेर आला. मग एक आवाज आला. प्रथम मला वाटले शेजारची यंत्रे. ती रडत होती. भोकाड म्हणतात ते. मी थांबलो नाही. भाषण नव्हे, खरेच. मला राग आला होता, चौघांचा, स्वतःचा, त्या गाडीचा.

"काका!" थोरली उभी राहिली. खुर्ची मागे पडली. "तिला का ओरडताय? लहान आहे ती!"

"कोण?" मी ओरडलो. "कोण लहान आहे?"

"ठिणगी!" थोरली किंचाळली. "ही! दिसत नाही का तुम्हाला?"

आणि ती टेबलाला वळसा न घालता त्याच्याखालून गेली, ठिणगीच्या पायाशी बसून बुटांचे बंद सोडू लागली. गाठी इतक्या दिवसांच्या, की सुटेनात. तिने दातांनी सोडवल्या. वकील म्हणाला, "काकांची शिक्षा बेकायदा आहे, महिना फार होतो." पूर्वार्ध रडू लागला आणि उत्तरार्धाने ते रडणे पूर्ण केले. मावशींचा ब्रेड काळा झाला. धूर, रडणे, हरकती, सगळे एकदम.

पर्यवेक्षिकाबाई केव्हा आल्या ते कळले नाही. दारात उभ्या होत्या, हातात छत्रीसारखी धरलेली फाइल. बाहेर रस्त्यावर गाडी उभी होती. त्यांनी धुरातून खोलीभर पाहिले, ठिणगीच्या अनवाणी पायांकडे पाहिले, मग मागे वळून चालकाला हाताने 'जा' अशी खूण केली. गाडी गेली. बाई रिकाम्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "चालू द्या."

ठिणगी हुंदके देत देत थोरलीला विचारत होती, बूट नसतील तर मुंग्या चावतात का, आणि मुंग्यांना दात असतात का, आणि.

इथेच लेखणी ठेवायला हवी होती. परंतु मग जुळे माझ्याजवळ आले.

"काका, तुम्ही आता भोंग्याला पण..." पूर्वार्ध म्हणाला.

उत्तरार्धाने संपवले नाही. वकिलाने संपवले. "...ओरडा ना."

  त्या नावानंतर चौघांच्या, पाचांच्या माना एकाच दिशेला वळल्या, खिडकी आणि दार यांच्यामधल्या मोकळ्या जागेकडे. तिथे काहीही नाही. मी रोज तिथून जातो. आज लक्षात आले, की मी सोडून तिथून कुणीच जात नाही.

मी बाईंकडे पाहिले. भोंग्या कुठल्या गावी, कुणाकडे, हे त्यांना ठाऊक असणार. "तो..." बाई म्हणाल्या, आणि फाइल छातीशी धरून खाली पाहू लागल्या.  मी पुढे विचारले नाही.

"ओरडा, काका," थोरली हळूच म्हणाली. "मोठ्यांदा. तो लांब आहे."

मी घसा साफ केला. त्या मोकळ्या जागेसमोर उभा राहिलो. वेडेपणाचे प्रकार अनेक आहेत. हा त्यांपैकी कितवा, ते विद्वानांनी ठरवावे.

"काय रे भोंग्या," मी ओरडलो, "ही काय वेळ झाली? कुठे होतास इतके दिवस? सगळे जेवायचे थांबलेत इथे!"

आवाज भिंतींवरून फिरला, जिन्यावरून वर गेला, खाली आला. कुणी हलले नाही. मावशींनी गॅस बंद केला. आणि आम्ही सगळे, बाईंसुद्धा, दाराकडे तोंड करून ऐकत राहिलो.